रिकाम्या चौकोनांचा हिशेब

या वेळचे पत्र ऑस्ट्रेलियातून आले आहे. थोडे आटोपते करून देते.

‘मॅडम, मी मूळची देवगडची. कोकणात पदवी घेऊन आता पीएच.डी.साठी ऑस्ट्रेलियात आले आहे. तापणाऱ्या समुद्रातल्या केल्पच्या (मोठ्या तपकिरी समुद्री शैवालांच्या) जंगलांचा रेझिलियन्स, म्हणजे धक्के पचवण्याची ताकद, हा माझा विषय आहे. तास्मानिया बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर तीन ठिकाणी, प्रत्येकी सहा, असे अठरा प्लॉट मी केले होते. उष्णता सोसणाऱ्या वाणाची केल्पची रोपे प्रयोगशाळेत वाढवून ती दोरीवर चढवली आणि तळाच्या खडकावर बसवली. दुसरा उन्हाळा संपला तेव्हा त्यातले अकरा प्लॉट रिकामे होते. उत्तरेकडचे सहाही गेले, मधल्या ठिकाणचे चार गेले, दक्षिणेकडचा एक गेला. एक सीनियर सहकारी म्हणतो की उरलेल्या सात प्लॉटवर प्रबंध उभा कर आणि बाकीचे परिशिष्टात टाक. नावात रेझिलियन्स आहे आणि माझ्या वहीत मात्र मरणाच्या नोंदी आहेत. विषय बदलू का? घरी फोन केला की बाबा विचारतात, “गो, आपल्याकडे नाय त्या शेवाळाचो उपेग काय?” त्यांना काय सांगू, तेही कळत नाही. मला एकेरीच लिहा.’

एकेरी लिहायला सांगितले आहेस, म्हणून तसेच लिहिते. आधी उत्तर देते, कारणे मागाहून. विषय बदलू नकोस. अकरा प्लॉट परिशिष्टात ढकलू नकोस. प्रबंधाच्या नावातला ‘रेझिलियन्स’ हा शब्द मात्र, तो तिथे नेमका कोणत्या अर्थाने बसला आहे हे ठरेपर्यंत, पेन्सिलीने लिहिलेला आहे असे समज. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. मी तीस वर्षे समुद्री शैवाले शिकवली, पण ती सगळी कोकणच्या खडकांवरची, ओहोटीला पाय भिजवून मोजता येणारी. केल्पच्या जंगलात मी कधी उतरलेली नाही. त्यामुळे तास्मानियाबद्दल जे लिहिते आहे ते वाचनातून आलेले आहे, आणि रिकाम्या प्लॉटबद्दल जे लिहिते आहे ते स्वतःच्या चुकीतून.

ती चूक अशी. मालवणच्या खडकांवर मी सरगॅसम मोजत असे. हे तुझ्या केल्पचे लांबचे तपकिरी नातलग; हिवाळ्यात ते भरात असते आणि एप्रिल-मे येईपर्यंत झडून विरळ होते. माझ्याकडे पीव्हीसी पाइपचा अर्ध्या मीटरचा चौकोन होता. तो खडकावर टाकायचा आणि आतले सरगॅसम मोजून, कापून, पिशवीत भरून वजन करायचे, असा क्रम होता. मे महिन्यात बऱ्याच चौकोनांत काहीच सापडेना, तेव्हा मी ते चौकोन वहीत उतरवलेच नाहीत, कारण जिथे मोजायला काही नाही तिथे लिहायचे काय, असे मला प्रामाणिकपणे वाटले होते. वर्षअखेर सरासरी काढली तर मे महिना जानेवारीच्या फारसा मागे दिसेना. माझ्या बरोबरीच्या एका मैत्रिणीने तक्ता पाहून एकच प्रश्न विचारला, ‘मे महिन्यात एकूण चौकोन किती टाकलेस?’ मला तो आकडा सांगता आला नाही, आणि एका वर्षाचे काम तिथल्या तिथे निकामी झाले.

पुढच्या मे महिन्यात मी शून्येही लिहू लागले आणि मग दुसरी अडचण कळली. रिकाम्या दिसणाऱ्या चौकोनात वाकून खडकावर नख फिरवले, की काही ठिकाणी बोटाला रबरासारखा चिवट, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा खुंट लागायचा. ती सरगॅसमची पकड होती. वरचा भाग झडला होता, पण तिच्यातून पुन्हा फुटवा येणार होता. काही ठिकाणी मात्र खडक खरोखरच साफ होता. तक्त्यात दोन्हीकडे शून्यच. एक शून्य पावसाळा सरल्यावर परत उगवणारे होते आणि दुसरे उगवणारे नव्हते. तेव्हापासून माझ्या वहीत शून्यासमोर नेहमी एक जास्तीचा रकाना असतो : ‘कशामुळे’.

आता तुझी अकरा शून्ये पाहू. तुझ्या पत्रातूनच दिसते की ती एका जातीची नाहीत.

उत्तरेकडच्या सहा प्लॉटबद्दल तू लिहितेस की खडक ‘गुलाबी आणि स्वच्छ, झाडून काढल्यासारखा’ होता आणि कपारींत लांब काट्यांचे अर्चिन (गोल, काटेरी समुद्री प्राणी) बसलेले होते. हे वर्णन मला कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक सांगते. निव्वळ उष्णतेने केल्प मेले, तर खडकावर सहसा त्याच्या जागी बुटक्या, केसाळ शैवालांचा गाळ धरून ठेवणारा थर चढतो. खडक गुलाबी राहतो तो चुनखडीच्या पापुद्र्यासारख्या शैवालामुळे, आणि तो पापुद्रा उघडा पडतो तो कुणीतरी वरचे सगळे सतत चरत असल्यामुळे. तास्मानियात हे चरणारे कोण, हे तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. पण इतर वाचकांसाठी सांगते, कारण ही साखळी समजल्याशिवाय तुझा प्रश्नच समजणार नाही.

जायंट केल्प हे थंड, नायट्रेटने (शैवालांना लागणाऱ्या पोषकद्रव्याने) समृद्ध पाण्यातले शैवाल आहे. पाणी मानवले तर ते दिवसाला तीस-चाळीस सेंटिमीटर वाढते, हवेच्या फुग्यांवर तोलून तळापासून पृष्ठभागापर्यंत उभे राहते आणि वर छत धरते. जंगल हा शब्द त्याला उगाच चिकटलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने खाली येणारा उबदार प्रवाह गेल्या काही दशकांत दक्षिणेकडे अधिकाधिक जोर धरू लागला. तास्मानियाच्या पूर्वेच्या मारिया बेटाजवळ १९४४ पासून समुद्राच्या पाण्याच्या नोंदी ठेवल्या जातात, त्यात हा बदल स्पष्ट दिसतो. तास्मानियाच्या पूर्वेचे पाणी जागतिक सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापले आणि तिथली जायंट केल्पची जंगले सुमारे ९५ टक्के नाहीशी झाली. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाने या जंगलांना संकटग्रस्त परिसंस्था म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. त्या देशात समुद्रातल्या एखाद्या संपूर्ण परिसंस्थेला असा दर्जा मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्याच प्रवाहाबरोबर न्यू साउथ वेल्सकडून लांब काट्यांचा अर्चिन आला. त्याच्या अळ्यांना वाढायला हिवाळ्यातही पाणी १२ अंशांच्या वर लागते. पूर्वी तास्मानियाचे हिवाळी पाणी त्यापेक्षा थंड असे, म्हणून तो तिथे टिकत नसे. १९७८ मध्ये तो तास्मानियाच्या पाण्यात पहिल्यांदा नोंदला गेला. २००१-०२ च्या पाहणीत पूर्व किनाऱ्यावरच्या खडकाळ तळापैकी सुमारे ३ टक्के भाग त्याने ओसाड केलेला आढळला आणि २०१६-१७ मध्ये हाच भाग सुमारे १५ टक्के झाला. त्याला खाणारा मोठा प्राणी म्हणजे तिथला शेवंड (लॉब्स्टर). त्यातही पाठ १४० मिलिमीटरहून लांब असलेले दांडगे शेवंडच पूर्ण वाढलेला अर्चिन फोडू शकतात आणि मासेमारीने नेमके तेच आधी कमी केले.

तेव्हा तुझ्या उत्तरेकडच्या सहा प्लॉटमध्ये तुझ्या वाणाची उष्णता सोसण्याची परीक्षा झालीच नसेल, अशी दाट शक्यता आहे. उष्णतेने मरण्याआधीच ती रोपे खाल्ली गेली असतील. कदाचित आधी उष्णतेने पाती झिजली आणि मग अर्चिनांनी उरलेले संपवले, असेही असेल. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे आणि तो तुझ्या कॅमेऱ्यात असण्याची शक्यता आहे, कारण तू दर पंधरवड्याला फोटो काढत होतीस. पात्यांच्या कडा पांढुरक्या आणि फाटक्या कधी दिसू लागल्या, ती तारीख काढ. चौकटीत अर्चिनांची संख्या कधी वाढली, ती तारीख काढ. दोन तारखांपैकी आधीची कोणती, एवढ्यावर एक प्रकरण उभे राहू शकते. हे फोटो तू स्वतः पाहू नकोस, किंवा निदान एकटीने पाहू नकोस. ठिकाण आणि तारीख झाकून ते दुसऱ्या कुणाला मोजायला दे, कारण आपल्याला जे दिसावेसे वाटते ते आपल्याला दिसते, हे मी माझ्या डोळ्यांबद्दलही खात्रीने सांगू शकते.

मधल्या ठिकाणच्या चार प्लॉटबद्दल तू लिहितेस की जुलैच्या वादळानंतर दोऱ्या तुटलेल्या सापडल्या. मग ती रोपे मेली, असे तू कशावरून म्हणतेस? ती तुझ्या नजरेआड गेली, इतकेच तुला माहीत आहे. वैद्यकीय संशोधनात एखादा रुग्ण गाव सोडून जातो तेव्हा त्याला मेलेल्यांत धरत नाहीत आणि बऱ्या झालेल्यांतही धरत नाहीत. तो अमुक तारखेपर्यंत जिवंत होता, एवढीच त्याची नोंद हिशेबात घेतात. सर्व्हायव्हल अॅनालिसिसची सगळी पद्धत याच कामासाठी आहे. तू प्रत्येक प्लॉटसाठी ‘जगले की मेले’ असा एकच शेवटचा शेरा मांडण्याऐवजी ‘किती दिवस टिकले आणि कशाने संपले’ असे मांडलेस, तर तुझे अठराही प्लॉट उपयोगी पडतील, अगदी जुलैपर्यंतच हाती राहिलेले ते चारसुद्धा. ‘कशाने’ या रकान्यात चरणे, उष्णता, दोरी तुटणे असे प्रकार आधी ठरव, आणि त्यात ‘सांगता येत नाही’ हाही एक प्रकार ठेव. दक्षिणेकडचा एकटा रिकामा प्लॉट बहुधा त्यातच जाईल आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता त्या सात उरलेल्या प्लॉटकडे येते. तुझ्या सहकाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण त्याचा सल्ला मात्र वाईट आहे. सातपैकी पाच प्लॉट दक्षिणेचे आहेत, म्हणजे सर्वांत थंड पाण्यातले. त्यांवरून ‘हा वाण टिकतो’ असे लिहिलेस, तर परीक्षक विचारणार की वाणामुळे टिकला की थंड पाण्यामुळे? आणि इथे मला तुझ्या पत्रात एक मोठी उणीव दिसते. त्याच दोऱ्यांवर, त्याच खोलीवर, साध्या वाणाची रोपे शेजारी लावली होतीस का? त्याचा कुठेही उल्लेख नाही. लावली असशील, तर तुलना हाच तुझा मुख्य निकाल आहे, आणि तो सगळी रोपे मेली असतील तरीही निकालच आहे. लावली नसशील, तर उरलेले सात प्लॉटही वाणाबद्दल काहीच सांगत नाहीत, ते फक्त जागेबद्दल सांगतात. तसे असेल तर येत्या हंगामात निदान दक्षिणेच्या ठिकाणी दोन्ही वाण शेजारी-शेजारी लाव. लहान प्रमाणावर लाव, पण लाव.

रेझिलियन्स या शब्दाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तुझ्या निम्म्या त्रासाचे मूळ तिथे आहे असे मला वाटते. पर्यावरणशास्त्रात हा शब्द परिसंस्थांचे अभ्यासक हॉलिंग यांच्या १९७३ च्या लेखानंतर रुळला. त्यांच्या मते एखादी व्यवस्था किती धक्का पचवूनही आपली मूळ घडण टिकवते, ते तिचे माप. अभियंत्यांचा अर्थ वेगळा : धक्का बसल्यावर पूर्वस्थितीला किती लवकर परत येते. मराठीत या दोन गोष्टींना दोन साधे शब्द आहेत, तग धरणे आणि सावरणे, आणि आपण त्यांची गल्लत करत नाही. तापात तग धरलेल्या आणि तापातून सावरलेल्या माणसाबद्दल आपण वेगवेगळे बोलतो. तुझे दोन उन्हाळे तग धरण्याबद्दल बोलू शकतात. सावरण्याबद्दल ते फारसे काही बोलू शकत नाहीत, कारण सावरायला लागणारा काळ तुझ्या शिष्यवृत्तीहून मोठा आहे. प्रबंधाच्या नावात तग धरण्याचा अर्थ स्पष्ट कर आणि सावरण्याबद्दल शेवटच्या प्रकरणात दोन पाने लिही. नावाचा भार एवढ्यानेच निम्मा होईल.

आणि तग कुणाचा, हेही ठरव. कॅलिफोर्नियाचे उदाहरण तू वाचले असशीलच, पण ते या नजरेने पुन्हा वाच. २०१४ ते २०१६ च्या दरम्यान त्या साऱ्या किनाऱ्यावर समुद्र विलक्षण तापला होता. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराजवळच्या जायंट केल्पने, ज्याला समुद्राच्या तापाचा पहारेकरी समजले जाई, त्या उष्णतेला अपेक्षेइतका प्रतिसादच दिला नाही. ते बऱ्यापैकी टिकून राहिले. उत्तर कॅलिफोर्नियात मात्र सुमारे ३५० किलोमीटर किनाऱ्यावरचे बुल केल्प ९० टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले. दोन जाती वेगळ्या आहेत, हे खरेच, आणि बुल केल्प वर्षायू असल्याने त्याला दर वर्षी नव्याने उगवावे लागते, हेही खरे. पण उत्तरेत आणखी एक गोष्ट घडली होती. २०१३ पासून तारामाशांना गळून-विरघळून मारणारा रोग आला आणि अर्चिन खाणारा मोठा सूर्यफूल-तारामासा तिथून जवळजवळ पुसला गेला. दक्षिणेत अर्चिनांना आवरणारे शेवंड आणि मोठ्या दातांचे मासे शिल्लक होते. म्हणजे तग शैवालाच्या अंगी जितका होता तितकाच तो शैवालाच्या शेजाऱ्यांच्याही अंगी होता. तुझ्या प्लॉटमधल्या रोपांत उष्णता सोसण्याचा गुण असेलही. उत्तरेकडच्या खडकावर त्यांना शेजार मिळाला नाही.

उलट, पश्चिम ऑस्ट्रेलियात २०११ च्या उष्णलाटेने सरळ तापमानाचाच तडाखा दिला. तिथल्या एक्लोनिया केल्पची सीमा सुमारे १०० किलोमीटर मागे सरकली आणि पाणी पुन्हा थंड झाल्यावरही ते जंगल परतले नाही, कारण मोकळ्या खडकावर बुटक्या शैवालांनी बस्तान बसवले आणि उष्ण पाण्यातून आलेले शाकाहारी मासे नवे कोंब खात राहिले. अर्चिनांच्या ओसाडीचीही हीच तऱ्हा आहे. जगभरच्या नोंदी एकत्र मांडून असे दिसले आहे की उभे जंगल ओसाड करायला जितके अर्चिन लागतात, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शापर्यंत ते खाली आणल्याशिवाय जंगल परत येत नाही. जाण्याची वाट आणि परतीची वाट एक नसते. तुझ्या उत्तरेकडच्या ठिकाणी अर्चिन किती दाट आहेत, हे तू मोजले असशील, तर तो आकडा या उंबरठ्याशी ताडून पाहा; तिथे पुन्हा रोपे लावण्यात अर्थ आहे की नाही, याचे उत्तर त्यात आहे. तास्मानियात अर्चिन काढणाऱ्या पाणबुड्यांना सरकार अनुदान देते. ज्या पट्ट्यातून ते काढले गेले आहेत, तिथला एखादा खडक तुला मिळाला, तर तिसऱ्या हंगामाची रोपे तिकडे वळव.

तांत्रिक बाबतीत आणखी चार-दोन गोष्टी घाईने सांगते. तुझा उन्हाळा ‘उष्णलाट’ होता, असे लिहिण्याआधी तो व्याख्येत बसतो का, ते तपास. त्या जागेच्या तीस वर्षांच्या नोंदींवरून त्या-त्या तारखेचा नव्वदावा शततमक (ज्याच्या खाली नव्वद टक्के नोंदी येतात ते तापमान) काढायचा आणि पाणी सलग किमान पाच दिवस त्याच्या वर राहिले तरच तिला सागरी उष्णलाट म्हणायचे, ही आता सर्वमान्य रीत आहे. २०१५-१६ ची तास्मान समुद्रातली लाट या मापाने २५१ दिवस चालली होती; तिच्यापुढे तुझा उन्हाळा सौम्यही ठरू शकेल, आणि तसे असेल तर ते लिहायला हवे. उपग्रहाचे तापमान पृष्ठभागाचे असते आणि तुझी रोपे तळाशी होती, हे विसरू नकोस. शिवाय त्या प्रवाहाचे पाणी उबदार असते तसेच नायट्रेटला गरीबही असते. पाण्याचे तापमान नोंदणाऱ्या तुझ्या लॉगरला फक्त ऊब कळते. केल्प गरमीने गेले की उपासमारीने, हे त्याला विचारून कळणार नाही. जपून ठेवलेल्या पात्यांचे तुकडे असतील तर त्यांतला नायट्रोजन मोजून घे. नसतील तर प्रयोगशाळेत तापमान आणि नायट्रेट दोन्ही बदलून एक छोटा प्रयोग कर. केल्पची सूक्ष्म गॅमेटोफाइट पिढी लाल प्रकाशात ठेवली की वर्षानुवर्षे नुसती वाढत राहते आणि निळा प्रकाश मिळाला की फळाला येते. तुझ्या वाणाची ती कुपी थंड खोलीत नक्कीच असेल. समुद्र तुझ्या वेळापत्रकाने चालत नाही, कुपी चालते. चार महिन्यांत हातात काहीतरी निश्चित येईल, आणि तुझ्या आत्ताच्या मनःस्थितीत त्याचीही गरज आहे.

रिकामे प्लॉट मात्र उपटू नकोस. दोरीचे खिळे, खुणेच्या पट्ट्या, सगळे जागच्या जागी राहू दे. ती सूक्ष्म पिढी डोळ्यांना दिसत नाही. तुझ्या रोपांपैकी एखादे बीजाणू सोडण्याइतके वाढले असेल, तर खडकावर ती असू शकते. केल्पचे बहुतेक बीजाणू आईपासून काही मीटरांतच पडतात, म्हणून शोधायचे तर तिथेच. मारिया बेटाजवळच्या कृत्रिम खडकांवर एक्लोनियाची लहान-मोठी, विरळ-दाट राने लावून पाहिली, तेव्हा असे दिसले की फार लहान आणि विरळ रानात नवी पिढी धड उभी राहत नाही, कारण सावली, शांत पाणी आणि गाळापासून संरक्षण हे सगळे मोठी झाडेच पुरवतात. तुझे प्लॉट दोन-दोन मीटरांचे आहेत. ते रान आहे की नुसती कुंडी, हा प्रश्न परीक्षकाने विचारण्याआधी तूच विचार.

मार्गदर्शकांशी बोलायला जाशील तेव्हा ‘प्रयोग फसला’ या वाक्याने सुरुवात करू नकोस आणि तीस स्लाइड्सही नेऊ नकोस. एका कागदावर अठरा ओळींचा तक्ता ने : प्लॉट, शेवटची जिवंत नोंद, ‘कशामुळे’, पुरावा. खाली तीन मागण्या लिही. सगळे प्लॉट विश्लेषणात ठेवायचे, नाव बदलायचे, आणि तिसऱ्या हंगामात दोन्ही वाण शेजारी लावायचे. या तीनपैकी कोणत्याही मागणीला नकार मिळाला, तर कारण त्याच कागदावर लिहून घे. जगभरच्या केल्पचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ३८ टक्के प्रदेशांत घट, २७ टक्के प्रदेशांत वाढ आणि उरलेल्यांत ठरावीक दिशा नाही, असे निघाले होते. हा निष्कर्ष निघू शकला, कारण जिथे वाईट घडले आणि जिथे काहीच घडले नाही, तिथल्याही लोकांनी आपापल्या नोंदी ठेवल्या होत्या. तुझी अकरा शून्ये उद्या अशाच एखाद्या आढाव्यात जातील. सात प्लॉटचा प्रबंध गेला, तर तो तिथे खोटी भर घालेल.

पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस की उत्तरेकडच्या ठिकाणी उतरताना आता पोटात गोळा येतो. त्यावर मला एवढेच म्हणायचे आहे की ज्या दिवशी तसे वाटेल त्या दिवशी उतरू नकोस, आणि सोबतच्या पाणबुड्याला बोटीवरच तसे स्पष्ट सांग. थंड पाण्यात, मन थाऱ्यावर नसताना, हवेचा काटा वाचायचा राहून जातो. आठवडाभर कुपीतल्या गॅमेटोफाइटबरोबर बसलीस तर काही बिघडणार नाही.

आता बाबा. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही आणि त्याला उडवून लावू नकोस. भारताच्या किनाऱ्यावर केल्पची जंगले नाहीत, हे ते म्हणतात ते खरे आहे. ‘केल्पपासून औषधे होतात, खत होते’ असले उत्तर त्यांना देऊ नकोस. त्यांना ते पटणार नाही आणि तुझा विषयही तो नाही. त्यांना शेवंडाची गोष्ट सांग. तास्मानियात मोठे शेवंड काढून नेले, मग काटेरी अर्चिन माजले, त्यांनी खडक खरवडून ओसाड केला आणि त्या रानात राहणारे अबालोनी (खाण्याच्या समुद्री गोगलगाई) आणि लहान शेवंडही गेले. मुंबईच्या पाण्यात चपट्या शेवंडांची मासेमारी १९९० च्या दशकात कशी कोसळली, हे त्यांच्या पिढीच्या माणसांना ऐकून तरी माहीत असेल. मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ ची. त्या पाण्यातल्या प्रवाळांनाही उष्णतेने पांढरे पडताना लोकांनी पाहिले आहे. खडक उजाड दिसला तर तो ताप आल्याने उजाड झाला की कुणी खाल्ल्याने, हे ओळखण्याची जी रीत तू तिकडे शिकते आहेस, ती देवगडच्या खडकावरही तशीच चालते. बाबांना इतके पुरे होईल, कदाचित जास्तच होईल.

आणि पुढच्या फोनवर त्यांनाच एक प्रश्न विचार : त्यांच्या जाळ्यात आलेला सर्वांत मोठा शेवंड केवढा होता, कोणत्या साली आला होता, आणि कोणत्या खडकाजवळ. ते हाताने लांबी दाखवतील, म्हणून व्हिडिओ कॉल कर आणि घरातल्या कुणाला तरी पट्टी घेऊन शेजारी बसव.